फ्रान्समधलं रोजचं जेवण आणि रोजची रेल्वे

साओनकाठ

नमस्कार मंडळी. फ्रान्सवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात आयफेल टॉवर असतो, लूव्र असतं, फार तर महागड्या वाइन आणि उत्तम रेस्टॉरंटांना मिळणारे मिशेलिनचे तारे. मी बरीच वर्षं नोकरीनिमित्त ल्यों शहरात राहतेय आणि या देशाने मला जे भरभरून दिलं ते यातलं काहीच नाही. ते म्हणजे सव्वा युरोचा पाव, दुपारच्या सुट्टीतलं साधं जेवण आणि गावोगाव थांबत जाणारी गाडी. साध्या माणसाला रोज लागणाऱ्या गोष्टी चांगल्याच असायला हव्यात, असा इथे आग्रह आहे. तो नुसता बोलण्यात नाही, कायद्यात आणि वेळापत्रकात उतरलेला आहे. त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पावापासून सुरुवात करते. बेकरीत दोन प्रकारच्या ‘बागेत’ मिळतात, म्हणजे काठीसारखे लांबट पाव. एक साधी आणि दुसरी ‘त्रादिस्यों’, साधीपेक्षा थोडी महाग. मी कायम दुसरीच घेते. १३ सप्टेंबर १९९३ च्या सरकारी हुकमाने तिचे नियम बांधून दिलेत: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा घरचं आंबवण. माल्ट किंवा कडधान्याचं पीठ अगदी थोडं चालतं, बाकी कुठलंही रसायन नाही. मळण्यापासून भाजण्यापर्यंत कणीक एकदाही गोठवायची नाही. पुढे १९९८ मध्ये आणखी एक कायदा झाला. जिथे कणीक मळली जाते आणि भाजली जाते त्याच दुकानाला ‘बुलांजरी’ अशी पाटी लावता येते. कारखान्यातून गोठवलेले गोळे आणून नुसते भाजणाऱ्याला ती पाटी नाही. त्या काळात असा कारखानी पाव स्वस्तात मिळायला लागला होता आणि गल्लीतल्या बेकऱ्या धडाधड बंद पडत होत्या. या दोन नियमांनी कारागिराला उभं राहायला जागा दिली.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत संध्याकाळी सहाला रांग लागते. पुढचा माणूस ‘बिएं क्वीत’ म्हणतो, म्हणजे त्याला खरपूस भाजलेली हवी. त्याच्या मागच्या आजी ‘पा त्रो क्वीत’ म्हणतात, त्यांना दात नाहीत, फिकी आणि मऊ हवी. विकणारी मुलगी मागच्या फळीवरून हाताने निवडून देते. चांगल्या त्रादिस्योंची साल गडद तपकिरी असते, वरच्या चिरांच्या कडा काळ्या पडायला आलेल्या, टोकं अणकुचीदार. मोडली की कुरकुर ऐकू येते. आतला भाग पांढराफेक नसतो, सायीच्या रंगाचा असतो आणि त्यात लहानमोठी वेडीवाकडी भोकं असतात, कारण कणीक सावकाश आंबलेली असते. कागदाच्या अरुंद पिशवीतून ती अर्धी बाहेर डोकावते आणि घरी पोचेपर्यंत तिचं टोक खाल्लं गेलेलं असतं. इथे सगळेच खातात, सूट घातलेले साहेबसुद्धा. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेत करण्याच्या कसबाला आणि तिच्या भोवतीच्या या सवयींना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला त्याचा फार आनंद झाला होता.

आता दुपारचं जेवण. बारा ते दोन. दोनला मुदपाकखाना बंद, मग कितीही विनवा. बाहेर पाटीवर खडूने ‘प्ला द्यु जूर’ लिहिलेलं असतं, त्या दिवसाचा एक पदार्थ. त्याला जोडून सुरुवातीचं काहीतरी किंवा शेवटचं गोड घेतलं तर साधारण पंधरा ते वीस युरो होतात. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई त्यातच, त्याचे पैसे नाहीत. टीप द्यायलाच हवी असं नाही, सेवेचं मोल किमतीत धरलेलं असतं. कामगार कायद्यात तर कामाच्या टेबलावर जेवू देऊ नये असं कलम आहे. करोनाच्या काळात ते तात्पुरतं शिथिल करावं लागलं होतं. माझ्या कचेरीत दुपारी लोक खरोखरच उठतात, एकत्र जेवतात आणि जेवताना कामाचं बोलत नाहीत. जेवणाला एवढा मान देणारं कार्यालयीन जीवन मी आधी पाहिलं नव्हतं.

ल्योंमधल्या या जेवणाला बायकांच्या हातचा इतिहास आहे. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या अनेक जणींनी बाहेर पडून आपापल्या खानावळी काढल्या. त्यांना इथे ‘मेर’ म्हणतात, म्हणजे आई. त्यातल्या उजेनी ब्राझिये यांना १९३३ मध्ये दोन जागांसाठी प्रत्येकी तीन असे मिशेलिनचे सहा तारे मिळाले. लहानपणी शेतावर राबलेली बाई. आणि ज्या टेकडीवर मी भाजी आणायला जाते त्या क्रुआ-रूसवर रेशमाचे विणकर राहायचे. त्यांच्या नावाचा एक पदार्थ अजून प्रत्येक खानावळीत मिळतो: ताज्या चीझमध्ये बारीक चिरलेला छोटा कांदा, चाइव्ह, पार्सली, मीठ, मिरी, थोडं तेल आणि व्हिनेगर. पावावर लावून खायचा.

क्रुआ-रूसचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. तिथला मेलनवाला गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, ‘आज रात्री खाणार की उद्या दुपारी?’ उत्तर ऐकून मग देठाशी अंगठा दाबत, वास घेत नेमकं फळ काढून देतो. चीझवालीही हेच विचारते. सें-मार्सेलँ नावाचं तळहातापेक्षा लहान चीझ असतं, आजचं हवं तर चमच्याने घ्यावं लागेल इतकं वाहतं देते, परवाचं हवं तर घट्ट. एप्रिलमध्ये पांढरा शतावरीचा कोंब आणि लांबुडक्या गारिगेत स्ट्रॉबेऱ्या, जूनमध्ये चेरी, ऑगस्टअखेर पिवळे मिराबेल. मोसम संपला की त्या दिसत नाहीत आणि कुणी मागतही नाही.

रेल्वेबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही. टीजीव्ही, म्हणजे इथली अतिवेगवान गाडी, सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये पहिली धावली ती पॅरिस आणि आमच्या ल्योंच्या दरम्यान. पूर्वी जवळजवळ चार तास लागायचे, १९८३ मध्ये पूर्ण मार्ग झाल्यावर दोन तासांवर आले. पण माझा जीव आहे तो टीईआरवर, म्हणजे प्रांतांच्या स्थानिक गाड्यांवर. आमच्याकडे या गाड्यांना आरक्षण नाही, जागेचा नंबर नाही. फलाटावर जायचं, चढायचं, खिडकी मिळाली तर बसायचं. ल्योंहून सावोय या डोंगरी भागाच्या बाजूला निघालात की आंबेरियूनंतर डोंगर दोन्हीकडून जवळ येतात आणि क्युलोझ सोडल्यावर रूळ बुर्जे तलावाच्या अगदी काठाने जातात. पाण्यात आणि डब्यात काही अंतर उरत नाही.

आणि या गाडीतच जेवण व रेल्वे एकत्र येतात. मागच्या उन्हाळ्यात समोर सत्तरीचं जोडपं बसलं होतं. बाईंनी पिशवीतून चौकटीचा पुसणा काढून टेबलावर पसरला. आजोबांनी ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू उघडला, सावोयचाच, तिथे १८९० पासून बनतो. बागेत हातात धरून आडवी चिरली. टोमॅटोच्या चकत्या, मीठ कागदाच्या पुडीत, कोंते चीझचा तुकडा, शेवटी चार जर्दाळू. एक जर्दाळू त्यांनी मला दिला. सगळं आवरल्यावर चुरा पुसण्यात गोळा केला, पुसणा घडी करून परत पिशवीत. घाई कुठेच नव्हती.

तुमच्यापैकी कुणी इथे राहिलं असेल, फिरलं असेल तर जरूर लिहा.

तिखटमीठ

ताई, वाचून फार छान वाटलं. आम्ही जूनमध्ये आईबाबांना घेऊन पॅरिस, ल्यों, नीस असं करतोय. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. ट्रॅव्हल कंपनीवाले म्हणतात रोज इंडियन डिनर देतो, पण बाबांना तिथलं काहीतरी खायचंय. त्यांना तिथे नीट जेवता येईल का? आणि दोघंही साठीच्या पुढचे आहेत, गाडीत सामान घेऊन चढ-उतार जमेल का?

साओनकाठ

तिखटमीठ, जमेल, पण आधी काही गोष्टी स्पष्ट सांगते म्हणजे आईबाबांचं मन दुखावणार नाही.

सॅलडमध्ये बेकनचे तुकडे असतात, ल्योंच्या सॅलडमध्ये तर हमखास, वर अंडंही. भाज्यांच्या सुपातही मटणाचं किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, विचारायचंच. पारंपरिक चीझमध्ये, म्हणजे कोंते, रोकफोर वगैरे, दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. त्यांना हे चालत नसेल तर दुकानात शाकाहारी रेनेटचं चीझ लेबल बघून घ्या. क्रुआसाँवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, ब्रिऑशमध्ये अंडं असतंच. बागेत मात्र निर्धास्त खाऊ द्या.

आता खाण्यासारखं काय ते. ग्रातँ दोफिनुआ, म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या साय-दुधात लसूण घालून भट्टीत सावकाश शिजवलेल्या. कुठे कुठे वर चीझ घालतात, तेवढं विचारा. ल-पुईच्या हिरव्या मसूर, लहान, शिजून अख्ख्या राहणाऱ्या, ज्वालामुखीच्या मातीत पिकतात. रातातुय, म्हणजे वांगं, झुकिनी, टोमॅटो वगैरे एकत्र शिजवून केलेली भाजी. नीसकडे गेलात की भाज्या, पांढरे घेवडे आणि बेसिलच्या (तुळशीच्या जातीतल्या पानांच्या) चटणीचं सूप. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि बाबांना सकाळी बाजारात न्या. तिथून आणलेल्या भाज्या, पाव, लोणी, फळं, काचेच्या भांड्यातलं दही एवढ्यावर ते खूश होतील याची मला खात्री आहे.

परिस्थिती बदलतेही आहे. २०१८ च्या कायद्यामुळे शाळांच्या कँटीनमध्ये २०१९ पासून आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असतं. त्यामुळे आताच्या मुलांना बिनमांसाचं ताट नवीन नाही.

पॅरिसमध्ये अगदीच घरची आठवण आली तर गार दु नॉर स्टेशनजवळचा ला शापेल भाग. तमिळ लोकांची वस्ती आहे, डोसा-इडली चांगली मिळते.

मोहोर

मी नीसला शिकायला होते. तिखटमीठ, बाबांना सोक्का खायला घालाच! चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. दोन-अडीच फुटी तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. कडा करपट, मध्ये मऊ, वर भरपूर मिरी. पहिला घास खाल्ला आणि आजीच्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येऊन डोळे भरून आले होते. ताटलीत कापून देतात, हाताने खायचं, गरम असतानाच. गार झालं की मजा जाते. शंभर टक्के शाकाहारी.

विद्यार्थ्यांच्या सरकारी भोजनालयांबद्दलही लिहायला हवं. माझ्या वेळी ३.३० युरोत मुख्य पदार्थ आणि त्याबरोबर सॅलड, फळ किंवा दही असं पोटभर जेवण मिळायचं. परक्या देशातून आलेल्या आणि खिशात मोजके पैसे असलेल्या मुलीला त्याने किती धीर दिला ते शब्दांत सांगता येत नाही. फ्रेंच मुलंही तेच जेवायची, तिथेच माझ्या मैत्रिणी झाल्या.

आणि नीसहून डीन्यला जाणारी छोटी गाडी चुकवू नका. मीटर गेज, १५१ किलोमीटर, तीन तासांच्या वर लागतात. तिचं स्टेशन वेगळं आहे, मोठ्या स्टेशनावर शोधत बसू नका. व्हार नदीच्या खोऱ्याने वर चढते. आंत्रव्होला उतरायचं. नदीवरचा पूल ओलांडून वेशीतून गावात, वर कड्यावर किल्ला. आईबाबांना किल्ल्यापर्यंत चढवू नका, खाली चौकात बसूनही सगळं दिसतं.

रुळावरचा

मी कल्याणचा. आयुष्य लोकलमध्ये गेलं आणि रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं. साओनकाठ ताई, तुम्ही ज्या तलावाकाठच्या मार्गाबद्दल लिहिलंत तिथून पुढे एक्स-ले-बें येतं ना? तिथून आनसीमार्गे ला रोश-सुर-फोरोनला जाणारी लाइन भारतीय रेल्वेच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

१९५० च्या सुमारास फ्रेंच रेल्वेने या डोंगरी फाट्यावर औद्योगिक वारंवारतेच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या एसी विजेवर गाड्या चालवून बघितल्या. लुई आर्मां या अभियंत्याने त्याचा पाठपुरावा केला होता. फायदा असा की घराघरात येते त्याच वारंवारतेची वीज जवळच्या ग्रिडमधून घेता येते, उपकेंद्रं लांब लांब पुरतात आणि तारा बारीक चालतात. आपल्याकडे १९५७ मध्ये २५ हजार व्होल्ट एसी हे प्रमाण ठरलं तेव्हा सल्लागार म्हणून फ्रेंच रेल्वेच होती. आज आपल्या देशभरातल्या विजेच्या गाड्या त्याच पद्धतीवर पळतात.

आणखी एक. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आपण २०१६ पर्यंत सगळं एसीवर आणलं. ल्योंच्या आसपासचे जुने मार्ग मात्र अजून १५०० व्होल्ट डीसीवरच आहेत. त्यामुळे पॅरिसहून येणारी टीजीव्ही वेगाच्या मार्गावर २५ हजारांवर धावते आणि शहरात शिरताना १५०० वर येते. प्रवाशाला पत्ता लागत नाही. ३ एप्रिल २००७ ला खास तयार केलेल्या टीजीव्हीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला, त्याचा व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन. पण मला स्वतःला संधी मिळाली तर आधी आनसीची साधी गाडी पकडेन.

आपल्या डेक्कन क्वीनला अजून डायनिंग कार आहे, त्याचा मला फार अभिमान आहे. टीजीव्हीत तसं बसून खायची सोय असते का?

साओनकाठ

रुळावरचा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आनसीला मी नेहमी जाते, आता त्या तारांकडे वेगळ्या नजरेने बघणार.

टीजीव्हीत बार असतो. उंच टेबलं, खिडकीशी उभं राहून खायचं. कॉफी, सँडविच, क्रोक-मॉस्यू, गरम केलेला एखादा पदार्थ. डेक्कन क्वीनसारखं टेबलावर वाढणं नाही. पूर्वी इथेही भोजनयान होतं, वेग वाढला आणि ते गेलं. लोक आपलं घरूनच आणतात. बारा वाजले की डब्यात एकामागून एक कागदाच्या पुड्या सुटायला लागतात, हॅम-लोण्याचे सँडविच निघतात आणि सगळा डबा जेवायला बसतो.

उतरंड

मी क्लेरमाँ-फेराँच्या जवळ एका लहान गावात राहतो. धागा सुरेख आहे, ताईंच्या प्रेमाशी मी सहमत आहे, पण दुसरी बाजूही नोंदवतो, कारण मलाही हा देश आपला वाटतो.

क्लेरमाँ ते पॅरिस वेगाचा मार्गच नाही, साडेतीन तास लागतात. ल्योंकर दोन तासांत पोचतात. छोट्या मार्गांवरच्या गाड्या कमी झाल्या आहेत, कुठे गाडीच्या जागी बस आली. माझ्या शेजारच्या आजी दवाखान्यात जायला त्यावर अवलंबून आहेत. टीजीव्हीचं तिकीट आयत्या वेळी काढलं तर मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडत नाही. खाण्याचंही तसंच. बऱ्याच कॅफेंमध्ये तयार गोठवलेलं गरम करून देतात. म्हणून २०१४ पासून ‘फे मेझों’ची खूण आली, छताचं झाकण असलेल्या भांड्याचं चित्र. कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेल्या पदार्थालाच ती लावता येते. तिखटमीठ, पाटीवर ती खूण बघत जा.

हे सगळं असूनही क्लेरमाँहून नीमला जाणारी सेव्हेनॉल गाडी मी जगातल्या कुठल्याही वेगवान गाडीशी बदलणार नाही. आलिए नदीच्या घळीतून जाते. बोगदा, पूल, परत बोगदा, खाली पाण्यात दगड मोजता येतील इतकी हळू. हा मार्ग टिकावा म्हणून इथले लोक सभा घेतात, मीही जातो.

साओनकाठ

उतरंड, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. मी ल्योंमध्ये राहते, मला दर तासाला चार दिशांना गाड्या आहेत. एखादा मार्ग बंद पडला की गावातली शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं अडकतात, स्वतःची मोटार असणाऱ्यांना ते कळतही नाही. साध्या माणसाची गाडी चांगली असली पाहिजे असं मी वर म्हटलं, ती आधी असली तर पाहिजे. तुमच्या सभांबद्दल वेगळा धागा काढा ना, मला वाचायचंय.

संपाचंही इथेच सांगते, कारण जूनमध्ये येणाऱ्यांना भीती असते. २००७ च्या कायद्याने संपावर जाणाऱ्या महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांना ४८ तास आधी कळवावं लागतं. त्यामुळे त्या दिवशी कुठल्या गाड्या धावणार ते आदल्या संध्याकाळपर्यंत ॲपवर येतं. आदल्या रात्री बघून घ्यायचं.

तिखटमीठ

सगळ्यांचे खूप खूप आभार! बाबांना धागा वाचून दाखवला. सोक्का आणि तलावाची गाडी दोन्ही त्यांनी वहीत लिहून घेतलंय. तिकिटं आत्ताच काढू का? आणि तलाव कुठल्या बाजूला दिसतो?

साओनकाठ

ल्योंहून जाताना उजवीकडे बसवा, येताना डावीकडे. हे तिकीट आधी काढायची गरज नाही, टीईआरचा दर त्या दिवशीही तोच असतो. पॅरिस-ल्यों आणि ल्यों-नीस टीजीव्ही मात्र आजच काढा, उशीर केला की भाव चढतात. आईबाबांसाठी ६० वर्षांवरच्यांचं सवलत कार्ड बघा, ४९ युरो, वर्षभर चालतं, तिकिटावर ३० टक्के सूट. दोन लांबचे प्रवास आहेत तेव्हा बहुतेक वसूल होईल, पण आधी बेरीज करून पाहा.

टीजीव्ही बहुधा दोन मजली असते. तिकीट काढताना खालचा मजला मागा, सामान घेऊन जिना चढायला नको. फलाट क्रमांक गाडीच्या फक्त वीसेक मिनिटं आधी लागतो, त्यामुळे आईबाबांना फलकाच्या समोरच बसवून ठेवा. आणि पाव स्टेशनवर घेऊ नका, राहाल तिथल्या गल्लीतली बेकरी सकाळी सातलाच उघडते.